देहूरोड : एका शब्दाची स्वारी

(देहूरोड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांची आठवण जागवायची, त्यांना आवडला असता असा विषय स्मृतिव्याख्यानासाठी घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी मुलांना शब्दाचा अर्थ पाठ करायला कधी सांगितले नाही, शब्दाचे मूळ शोधायला सांगितले. म्हणून मी आज एकच शब्द घेऊन आलो आहे. तो तुमच्या रेशनकार्डावर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे, लग्नपत्रिकेवर छापलेल्या पत्त्यात आहे. हा शब्द म्हणजे ‘रोड’, आपल्या गावाच्या नावाचा उत्तरार्ध.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शब्द कोणाचा, हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. तो कोण वापरतो, कशासाठी वापरतो आणि त्याच्या आधाराने कोणते जगणे उभे राहते, यावरून ते ठरते. ‘रोड’ हा शब्द जन्माने इंग्रज आहे, पण देहूरोडात तो मराठी झाला आहे. आणि तो आपला झाला, म्हणूनच त्याच्यामुळे आपले इतर शब्द मागे पडणार नाहीत, हे पाहणेही आपल्याकडे आले आहे.

पाटीवरचे नाव

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल आकुर्डी सोडते आणि पुढचे स्टेशन येते देहूरोड. तुकाराम बीजेच्या दिवसांत या फलाटावर थोडा वेळ उभे राहा. लांबच्या गावाहून आलेली एखादी आजी डोक्यावर बोचके आणि गळ्यात तुळशीची माळ घेऊन उतरते, पिवळ्या पाटीवरचे ‘देहू’ वाचते आणि समोर दिसेल त्याला विचारते, “माउली, देऊळ कंच्या अंगाला हाय?” समोरचा माणूस सांगतो, “आजी, हे देहूरोड. तुम्हाला देहूगावला जायचंय. भायेर या, बस मिळंल.”

एवढ्या बोलण्यात आपल्या गावाच्या नावाचा सगळा इतिहास आला आहे. आजीच्या मनातले देहू एकच आहे, तुकोबांचे, इंद्रायणीकाठचे. त्या देहूला जायचे तर इथे उतरून पुढचा रस्ता धरायचा, म्हणून या स्टेशनाला ‘देहू रोड’ म्हटले. म्हणजे मुळात हे गावाचे नाव नव्हतेच. उतारूला दिलेली ती सूचना होती. पण पुढे या सूचनेभोवती बाजार वसला, वसाहती उठल्या, शाळा आल्या, आणि सूचनेचे नाव झाले. ते इतके पक्के झाले की शेकडो वर्षांच्या जुन्या देहूला स्वतःची ओळख पटवण्यासाठी ‘गाव’ हे शेपूट लावून घ्यावे लागले. आज आपण सहज ‘देहूगाव’ म्हणतो. तुकोबांच्या काळात असे म्हणण्याची कोणाला गरज पडली नसती.

घोड्यावरून उतरलेला शब्द

आता हा शब्द मुळात कुठून आला ते पाहू. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, ‘राड’ असा शब्द होता. त्याचा अर्थ रस्ता नव्हे. त्याचा अर्थ घोड्यावर बसून जाणे. आजचे ‘राइड’ हे क्रियापद आणि हे नाम एकाच घरातले. ज्या जमिनीवरून जायचे ती जमीन या शब्दात नव्हती. त्यात होते फक्त जाणे.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण अगदी असाच शब्द आपल्याकडे आहे. तो म्हणजे ‘स्वारी’. घोड्यावर बसून जाणे ही स्वारी. शत्रूच्या मुलखावर चालून जाणे हीही स्वारीच. आपल्या बखरी आणि कागदपत्रे या दुसऱ्या अर्थाने भरलेली आहेत. इंग्रजी ‘राड’चेही तसेच झाले. घोडदौड या अर्थातून घोडेस्वारांनी घातलेला छापा असा अर्थ निघाला. इंग्लंडच्या दक्षिणेत या शब्दाचा उच्चार बदलत बदलत ‘रोड’ झाला. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये तोच शब्द ‘रेड’ असा राहिला. स्कॉटलंडच्या सीमेवर गुरे पळवण्यासाठी पडणाऱ्या धाडींना हे नाव होते. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे ते सगळ्या इंग्रजीत पसरले. आज वर्तमानपत्रात आयकर खात्याची ‘रेड’ पडल्याचे आपण वाचतो. ती रेड आणि आपल्या पाटीवरचा रोड हे मुळात एकच शब्द आहेत.

याचा लेखी पुरावाही आहे. १६११ साली इंग्लंडचा राजा जेम्स याच्या आश्रयाने बायबलचे जे प्रसिद्ध भाषांतर झाले, त्या अवाढव्य ग्रंथात ‘रोड’ हा शब्द एकदाच येतो. तो आहे शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात. राजा दावीदाला विचारतो की आज कोणावर धाड घातलीस, आणि त्या धाडीसाठी तिथे ‘रोड’ वापरला आहे. ज्या वाटेने माणसे चालतात तिच्यासाठी त्या ग्रंथात दुसरा शब्द आहे, ‘वे’.

तिसरा अर्थ पाण्यावरचा. नांगर टाकलेले जहाज लाटांवर वरखाली होते, त्यालाही इंग्रज खलाशी ‘राइड’ म्हणत. त्यामुळे किनाऱ्याजवळ जिथे जहाजे नांगरून सुरक्षित राहतात अशा पाण्यालाही ‘रोड’ म्हणू लागले. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर हॅम्प्टन रोड्स नावाचे ठिकाण आहे. मार्च १८६२ मध्ये तिथे लोखंडी चिलखत घातलेल्या दोन युद्धनौकांची गाठ पडली आणि आरमारी युद्धाचे रूप बदलले. त्या ठिकाणाच्या नावातला रोड म्हणजे सडक नव्हे, पाणी आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही हे घडले आहे. सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे नांगरून पडत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कंपनीच्या पत्रांमध्ये त्या जागेचा उल्लेख ‘स्वाली रोड’ असा येतो. आपल्या या बाजूला इंग्रजांबरोबर ‘रोड’ आला, तेव्हा तो आधी समुद्रात उतरला होता.

आज आपण घेतो तो अर्थ, म्हणजे दोन गावांना जोडणारी सडक, इंग्रजीत रुळला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. शेक्सपिअरच्या नाटकांत हा नवा अर्थ दिसू लागतो. म्हणजे ज्या शब्दाला आपण रस्त्याचा सर्वांत साधा शब्द समजतो, त्याचा हा अर्थ जेमतेम सव्वाचारशे वर्षांचा आहे. आधी जाणे, मग धाड, मग नांगरलेले जहाज आणि सर्वांत शेवटी रस्ता, असा त्याचा प्रवास झाला.

सख्खे कोण, परके कोण

इथे एक इशारा द्यायला हवा. ‘रोड’ आपल्या ‘रथ’ शब्दापासून आला असे कोणी सांगितले तर ऐकायला गोड वाटते. पण ते खरे नाही. ‘रथ’ची नातलग मंडळी म्हणजे लॅटिनमधला चाकाचा शब्द ‘रोता’ आणि जर्मनमधला चाकाचा शब्द ‘राड’. जुन्या इंग्रजीतला ‘राड’ आणि जर्मनमधला ‘राड’ कानाला सारखे वाटतात, पण त्यांची कुळे निराळी आहेत. शब्दांची नाती नुसत्या आवाजावरून जुळवायची नसतात. ध्वनी कसे बदलत गेले याचे नियम असतात, आणि त्या नियमांवर ती तपासून घ्यावी लागतात.

‘पाथ’ आणि आपला ‘पथ’ यांचेच पाहा. नाते उघड वाटते. पण संस्कृतातल्या सुरुवातीच्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो. आपला पितृ, त्यांचा फादर. आपला पाद, त्यांचे फूट. या नियमाने ‘पथ’चा सख्खा इंग्रजी भाऊ ‘फ’ने सुरू व्हायला हवा होता. तो तसा नाही. म्हणून अनेक अभ्यासकांचे मत असे, की फार प्राचीन काळी कुठल्यातरी इराणी भाषेशी संबंध येऊन हा शब्द तिकडे उसना गेला असावा.

खरी नाती मात्र थक्क करणारी आहेत. इंग्रजी ‘वे’ आणि संस्कृत ‘वह्’ हे एकाच मुळातून आलेले आहेत. ‘वह्’ म्हणजे वाहून नेणे, आणि त्यातूनच आपला ‘वाहन’ शब्द बनला. ‘स्ट्रीट’ हा लॅटिनमधल्या ‘अंथरलेली, फरसबंद वाट’ या अर्थाच्या शब्दातून आला. त्याचे मूळ आणि संस्कृत ‘स्तृ’ हे एकच, आणि आपला ‘विस्तार’ त्याच मुळाचा. पुण्याच्या लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवर उभे राहून कोणी विस्ताराची गोष्ट काढली, तर तो नकळत एकाच कुळातल्या दोन शब्दांना भेटवत असतो.

आणि ‘रस्ता’? तोही आपल्या घरी जन्मलेला नाही, फारसीतून आलेला आहे. ‘रास्त’ म्हणजे सरळ, योग्य. त्यातून सरळ ओळ, सरळ वाट या अर्थाने ‘रास्ता’. ‘रास्त भाव’ आणि ‘रस्ता’ ही मराठीतली दोन भावंडे आहेत. त्यांच्या मूळ कुळात संस्कृत ‘ऋजु’ आहे आणि इंग्रजी ‘राइट’ही आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी कामकाजातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो मोठा प्रयत्न होता आणि त्याचा हेतू उमदा होता. तरीही ‘रस्ता’ राहिला, कारण तो तोपर्यंत लोकांच्या पायाखाली आला होता. आज ‘रस्ता’ परका म्हणून कोणी नाक मुरडत नाही. मग ‘रोड’ने असा कोणता गुन्हा केला?

आपल्या भाषेतल्या जुन्या शब्दांकडेही याच नजरेने पाहा. ‘वाट’ आली संस्कृत ‘वर्त्मन्’वरून, त्यामागचा धातू ‘वृत्’ म्हणजे फिरणे, वळणे. ‘मार्ग’ या शब्दाशी शोधणे या अर्थाचा धातू जोडलेला आहे. वाटेत वळणे पाहिली गेली, मार्गात शोध, रस्त्यात सरळपणा, स्ट्रीटमध्ये अंथरलेला दगड, ‘वे’मध्ये वाहून नेणे, आणि रोडमध्ये स्वार. एकाच धुळीच्या पट्ट्याकडे माणसांनी इतक्या बाजूंनी पाहिले आहे.

रेल्वेने वाटलेले रोड

‘रोड’ला गावोगाव नेले ते रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ रुळांनी जोडला गेला. रूळ टाकणाऱ्या इंजिनिअरचा हिशेब वेगळा असतो. त्याला चढ कमी हवा, वळणे सौम्य हवीत, पूल थोडे हवेत. आपली जुनी गावे मात्र पाण्याच्या आणि देवळाच्या आधाराने वसलेली. देहू इंद्रायणीच्या काठी राहिले आणि लोहमार्ग त्याच्या दक्षिणेने निघून गेला. अशा वेळी गावाचे नाव घेऊन पुढे ‘रोड’ जोडायचा, ही इंग्लंडमधली पद्धत होती. कॉर्नवॉलमध्ये १८५९ साली ‘बॉडमिन रोड’ आणि ‘ग्रॅम्पाउंड रोड’ ही स्टेशने निघाली. ‘ग्रॅम्पाउंड रोड’ स्टेशन १९६४ मध्ये बंद झाले, पण त्याच्याभोवती वसलेले खेडे आजही तेच नाव सांगते. देहूरोडचा सोबती इतक्या दूर आहे.

महाराष्ट्रात हे सोबती ठिकठिकाणी सापडतात. नाशिक रोड, वसई रोड, डहाणू रोड, अक्कलकोट रोड. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सर्व टप्प्यांनिशी सुरू झाली. तोपर्यंत इंग्रज जाऊन अर्धशतक उलटले होते. तरी नव्या स्टेशनांना नावे दिली ती राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड अशीच. मुंबईतल्या ग्रँट रोड, चर्नी रोड, रे रोड या नावांत मात्र अर्थ वेगळा आहे. तिथे स्टेशनाशेजारच्या प्रत्यक्ष सडकेचे नाव स्टेशनाला मिळाले आहे. ग्रँट रोड म्हणजे ग्रँट गव्हर्नराच्या नावाची सडक. देहू रोड म्हणजे देहूकडे नेणारा रस्ता. शब्द एक, पण त्याचे काम दोन ठिकाणी दोन तऱ्हांचे.

या ‘रोड’ नावांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. काही ठिकाणी रोड गळून पडला. बार्शी रोड हे मोठ्या लोहमार्गावरचे स्टेशन. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी तिथूनच निघाली. त्याचे पुढे कुर्डुवाडी झाले. कुंडल रोड स्टेशनाजवळ औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली नांगराचा कारखाना आणि वसाहत उभी केली, आणि कुंडल रोडची किर्लोस्करवाडी झाली. मुंबईत एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. काही ठिकाणी रोड तसाच राहिला आणि मोठा झाला. नाशिक रोडला १९२८ मध्ये नोटा छापण्याचा कारखाना सुरू झाला आणि देशभरच्या खिशात जाणारा पैसा एका ‘रोड’वर छापला जाऊ लागला. देहूरोड या दुसऱ्या प्रकारात मोडते.

रेल्वेच्या माणसांनी या शब्दाला आणखीही अर्थ दिले. लहान स्टेशनाला ते ‘रोडसाइड स्टेशन’ म्हणतात. नवा चालक एखाद्या मार्गावरचे सिग्नल, चढ-उतार, वळणे शिकायला जातो, तेव्हा तो ‘एल. आर.’ला, म्हणजे रोड शिकायला गेलेला असतो. तिथे रोड म्हणजे रूळ. आणि तो रूळ सांभाळणाऱ्या खात्याचे नाव ‘परमनंट वे’, कारण बांधकामाच्या वेळी कंत्राटदार तात्पुरता रूळ टाकत आणि नंतर कायमचा पडे. अमेरिकेत तर रेल्वेलाच ‘रेलरोड’ म्हणतात.

मराठीच्या घरात

मराठीत ‘रोड’ येण्याआधीच एक ‘रोड’ होता, हे किती जणांच्या लक्षात येते? “पोरगं फार रोड झालंय,” असे आई म्हणते तेव्हा तो रोड आपला, देशी. त्याचा अर्थ कृश, अशक्त. त्यावरूनच ‘रोडावणे’. उन्हाळ्यात नदी रोडावते, शाळेची पटसंख्या रोडावते. कानाला एकच असणारे हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदतात आणि कोणाचा कधी घोटाळा होत नाही. भाषा किती समर्थ असते, याची ही खूण आहे.

पाहुणा आला आणि घरचा झाला, हे त्याच्या भोवती जमलेल्या गोतावळ्यावरून कळते. रोडरोलर, रोडटॅक्स, रोडशो हे तर तयार आले. पण ‘रोडरोमिओ’ हा शब्द आपल्याकडचा. ‘रोडला लागलो’, ‘रोडच्या कडंला टपरी आहे’, ‘रोड क्रॉस कर नीट’ या बोलण्यात ‘रोड’ला मराठी प्रत्यय लागले आहेत, त्याचे सामान्यरूप झाले आहे, आणि तो ‘तो रोड’ असा मराठी पुल्लिंगी झाला आहे. इंग्रजीत त्याला असे लिंग नाही. ते मराठीने दिले. पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ अशी अधिकृत पाटी असली, तरी मुले एफ. सी. रोडलाच भेटतात.

पण इथेच माझी काळजी सुरू होते. रोड आला याचे दुःख नाही. तो एकटाच उरेल, याची भीती आहे. आपल्या भाषेत जाण्या-येण्याच्या जागांचे केवढे बारकावे होते! माणसापुरती ती पायवाट, बैलगाडीची ती गाडीवाट. दोन बाजूंना बांध किंवा कुंपण आणि मधून शेतात जाणारी ती पाणंद. दोन गावांच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता. पिढ्यान्‌पिढ्या वापरून हक्क लागतो ती वहिवाट. आडवाट वेगळी आणि चोरवाट वेगळी. घाट, खिंड, बोळ, आळी, गल्ली यांचे माप प्रत्येकाचे निराळे.

हे बारकावे शोभेचे नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बांधावरून शेतात जायला रस्ता मागता येतो. तहसीलदारासमोर असे प्रकरण उभे राहते तेव्हा ती वाट शिवरस्ता होती, पाणंद होती की नुसती वहिवाट, यावर वाद रंगतात. पूर्वी नक्की काय होते हे सांगायला जुनी माणसे लागतात, आणि जुन्या माणसांकडे नेमका शब्द असावा लागतो. सगळ्यालाच ‘रोड’ म्हणणारी पिढी साक्षीला उभी राहिली, तर शब्दाबरोबर हक्कही हातचा जाईल. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांसाठी, वसाहतींसाठी, महामार्गांसाठी जमिनी गेल्या. त्यांच्याबरोबर किती पाणंदी आणि गाडीवाटा नकाशावरून पुसल्या गेल्या, याचा विचार या पट्ट्यातल्या माणसाने तरी करायला हवा.

ज्या वाटेने ही माणसे आली

आता या गावाकडे येऊ. देहूरोडच्या नावातला रोड फार तर पावणेदोन शतकांचा असेल, पण इथली वाट दोन हजार वर्षांची आहे. शेलारवाडीच्या डोंगरात, घोरावडेश्वरला, बौद्ध लेणी आहेत. तिथे धेनुकाकट गावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने दिलेल्या दानाचा प्राकृत लेख आहे. कार्ले, भाजे, बेडसे आणि शेलारवाडी ही लेण्यांची रांग ज्या वाटेवर आहे, ती कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर येणारी व्यापाऱ्यांची वाट. त्याच डोंगरावर पुढे तुकोबा एकांतासाठी जात, अशी या भागाची श्रद्धा आहे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. आजही देहूतून निघालेली पालखी अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी विसावते, चिंचोलीवरून देहूरोडला येते आणि निगडीमार्गे आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. इतर वेळी देहूरोडहून माणसे देहूला जातात. ज्येष्ठात देहूच चालत देहूरोडला येते.

त्याच वाटेला इंग्रजांनी खडी घातली. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. मग रूळ आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराचे डेपो आले, त्यांच्या मागे कॅन्टोन्मेंट आले. डेपोत कामाला दक्षिणेतून, उत्तरेतून, मराठवाड्यातून, सातारा-सोलापुराकडून माणसे आली. घरात तमिळ, तेलुगू, पंजाबी, मराठी, भाषा कोणतीही असो, गावाचे नाव सगळ्यांच्या तोंडी एकच, देहूरोड.

आणि २५ डिसेंबर १९५४ हा दिवस. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथून आणलेल्या बुद्धमूर्तीची याच देहूरोडात स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेला अजून पावणेदोन वर्षे होती. इथल्याच भाषणात त्यांनी पंढरपूरच्या विठ्ठलाचा बुद्धाशी असलेला संबंध आपण सिद्ध करू, असे सांगितले. आज ही जागा धम्मभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २५ डिसेंबरला इथे माणसांचा सागर उसळतो. ज्या स्टेशनाचे नाव मुळात दुसऱ्या गावाची दिशा दाखवण्यासाठी दिले होते, तिथे आता लाखो माणसे त्याच ठिकाणासाठी येतात. एखाद्या नावाने इतका मान मिळवल्याची उदाहरणे फार नाहीत.

पुढे पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग झाला. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या मार्गाचे पुण्याकडचे टोक किवळ्याला, आपल्या शेजारी. कात्रजकडून येणाऱ्या बाह्यवळणाचे नाव देहूरोड-कात्रज बायपास. आज आपल्या गावाभोवती रोड आहे, हायवे आहे, एक्स्प्रेस वे आहे, बायपास आहे आणि पालखी मार्गही आहे. स्वार, वाहक आणि शोधक या तिघांचेही शब्द इथे एकत्र आले आहेत.

शेवटची विनंती

म्हणून माझा निवाडा असा : देहूरोड हे संपूर्ण मराठी नाव आहे. त्यातला ‘रोड’ काढून तिथे शुद्ध शब्द बसवण्याची गरज नाही आणि तो इंग्रजी म्हणून मिरवण्याचीही गरज नाही. सातवाहनकालीन व्यापाऱ्यांपासून वारकऱ्यांपर्यंत, डेपोच्या कामगारांपासून धम्मभूमीच्या यात्रेकरूंपर्यंत, ज्या माणसांनी या वाटेवर पाऊल टाकले त्यांनी हे नाव कमावले आहे. त्याच्या मूळ अर्थात स्वार होता, जाणे होते. तो अर्थ या गावाला जितका शोभतो तितका फार थोड्या गावांना शोभेल.

पण या एका शब्दाचा मान राखताना बाकीचे शब्द टाकून देऊ नका. इथल्या शाळांना आणि वाचनालयांना माझी एक विनंती आहे. या वर्षी एक वही घाला. किन्हई, चिंचोली, झेंडेमळा, मामुर्डी, शेलारवाडी, किवळे इथल्या वडीलधाऱ्यांना भेटा. त्यांच्या लहानपणी शेतावर जायची वाट कोणती होती, तिला काय म्हणत, ओढा कुठून ओलांडत, पाणंद कुठे होती, पालखी बघायला कुठल्या वळणावर उभे राहत, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शेजारी नकाशा काढा. तमिळ, तेलुगू, पंजाबी घरांतल्या आजी-आजोबांनाही विचारा, कारण या गावाच्या वाटा त्यांनीही तुडवल्या आहेत. लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख प्रत्येक पानावर घाला. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर त्या वहीतली पाने मुलांनी स्वतः वाचून दाखवावीत. गुरुजींच्या स्मृतीला वाहण्यासाठी याहून मोठे दुसरे काही मला सुचत नाही.